खोल बाजूची हिरवी टाइल

पहाटे जाग आली की पडल्या पडल्या मेव्हिस हेपवर्थला पाण्याचा आवाज यायचा. नळ गळत नसे आणि बाहेर पाऊसही नसे. खालच्या रस्त्यावरच्या जुन्या तरणतलावात पाणी कठड्याशी लपक लपक करतंय असंच तिला वाटायचं. तलाव बंद होऊन वीस वर्षं झाली, हे आठवायला चहाचा पहिला घोट घ्यावा लागे. कधी कधी घोट घेतल्यावरही आठवत नसे, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे.

लीड्सच्या या हॉलिन बँक भागातल्या अर्ध्याअधिक माणसांना मेव्हिसनंच पोहायला शिकवलं होतं. आज ज्यांची पोटं सुटली आहेत आणि गुडघे कुरकुरतात, ते सगळे कधी काळी तिच्या शिट्टीवर पाण्यात उड्या टाकायचे. तिचा नवरा विल्फ तळघरात बॉयलर सांभाळायचा. तलाव उघडायच्या आधी, पाण्यावर नुसती वाफ असताना, दोघं एकटेच पोहून घ्यायचे. मग कौन्सिलनं तलावाला टाळं लावलं, काही वर्षांनी विल्फ गेला, आणि आत कबुतरं राहायला आली.

गेल्या सप्टेंबरमध्ये तिथं डॉबसन आले.

डॉबसनचे पब म्हणजे सगळा स्वस्ताईचा कारभार. शहरात स्टेशनच्या आसपास त्यांचे चार-दोन होतेच. पण तिथं शनिवारी पोरंटोरं जायची, त्याचं कुणाला काही नव्हतं. आता मात्र त्यांनी गल्ल्यांकडे मोर्चा वळवला होता. बंद पडलेलं पोस्ट, रिकामं थिएटर, ओस पडलेलं चर्च, जे कुणाला नको ते यांना हवं. सकाळी आठला नाश्ता सुरू, एकदा कप घेतला की कॉफी हवी तितकी, आणि बियर निम्म्या भावात. तलावावर त्यांनी लाकडी जमीन घातली, तिच्यावर लाटांची नक्षी असलेला निळा गालिचा पसरला, दारावर 'द प्लंज', म्हणजे बुडी, अशी पाटी लावली आणि सगळं हॉलिन बँक आत ओढून घेतलं.

सगळं, म्हणजे दोन माणसं सोडून. एक मेव्हिस, आणि दुसरा तिचा दीर नॉर्मन.

नॉर्मनचा पब रस्त्याच्या वरच्या टोकाला होता. नाव 'शटल', म्हणजे मागावरचा धोटा, जुन्या कापड गिरण्यांच्या काळातलं. समोरची सगळी भिंत हिरव्या चकचकीत टाइलांची, आतल्या बाकांना पाठीचे आणि बुडांचे खळगे पडलेले. नॉर्मन सव्वासहा फूट उंच. स्वतःच्याच दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे आणि उरलेल्या जगाशी तो मान ताठ ठेवून भांडायचा. डॉबसन उघडलं त्या दिवशी त्यानं जाहीर केलं, "ज्याला तिथली बियर गोड लागते, त्यानं इथं तोंड दाखवायचं नाही. मग तो माझा सख्खा का असेना."

सख्खं कुणी उरलंच नव्हतं, उरली होती एक भावजय. तिनं शब्द दिला आणि पाळला. बाकीच्यांनीही दिला होता. डॉमिनो खेळायला रोज येणाऱ्या गॉर्डननं तर टेबलावर मूठ आपटून दिला होता. दोनच आठवड्यांत त्याची पाठ दुखायला लागली आणि तो घरीच बसू लागला. एका संध्याकाळी मेव्हिसनं त्याला प्लंजच्या मागच्या दारानं बाहेर पडताना पाहिलं.

"डॉक्टरकडे गेलो होतो," गॉर्डन म्हणाला. त्याच्या मिशीला फेस होता.

"चांगलं औषध दिलेलं दिसतंय," मेव्हिस म्हणाली.

तिनं नॉर्मनला हे सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. डॉमिनोच्या टेबलावर तो एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचा आणि हरायचा.

ती स्वतः रोज बाजाराला जाताना प्लंजवरून जायची, पण समोरच्या फूटपाथनं. दार उघडलं की आतून माणसांचा घुमणारा आवाज यायचा, अगदी पूर्वीसारखा. उंच काचेच्या छताखाली माणसं काहीही बोलली तरी आवाज पाण्यावरून आल्यासारखाच येतो. तो ऐकला की मेव्हिसचे पाय हळू व्हायचे. नॉर्मनला दिलेला शब्द आठवून ती पुन्हा चालू लागायची. रात्री स्वप्नात मात्र तिला कुणाचा शब्द आड येत नसे. स्वप्नात ती टेबलांच्या वरून पोहत जायची. खाली लोक तळलेला मासा आणि वाटाणे खात बसलेले असत, ती डोक्यावरून गेली की ग्लास उचलत, आणि ती हात मारत मारत खोल बाजूला जाई. तिथं तळाशी तिला हिरवं काहीतरी दिसायचं. ते काय आहे हे तिला झोपेतही पक्कं माहीत होतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी नॉर्मननं तिच्यासमोर शेरीचा छोटा ग्लास ठेवला आणि म्हणाला, "रविवारी बंद करतोय."

"काय बंद करतोयस?"

"दुकान, मेव्हिस. शटल. आणखी काय आहे माझ्याकडे बंद करायला?" तो कोरडाच ग्लास पुसत राहिला. "सोमवारी किल्ल्या देतो. वर घरं करणार आहेत म्हणे, खाली सायकली ठेवणार."

मेव्हिसनं कोपऱ्यातल्या बाकाकडे पाहिलं. तिनं आयुष्यातला बियरचा पहिला पाइंट इथंच घेतला होता, आणि विल्फनं तिला लग्नाचं विचारलं ते या बाकाच्या कोपऱ्यात, तोंडात चिप्स असताना. तिनं नॉर्मनच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"एकाच गोष्टीची हळहळ आहे बघ," नॉर्मन म्हणाला. "भिंत पुरी करून द्यायला हवी होती."

ही तक्रार अख्ख्या हॉलिन बँकला पाठ होती. दाराच्या उजव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर, एक टाइल नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी ती गायब झाली. नॉर्मननं आधी शेजारच्या ब्रॅडफर्डच्या पोरांवर संशय घेतला, मग कौन्सिलवर, मग एका बिचाऱ्या पाद्र्यावर. तसा हिरवा रंग आता कुठं बनत नव्हता, म्हणून त्यानं तिथं नुसतं सिमेंट भरलं. नवा माणूस दारू मागायला आला की त्याला आधी ही कहाणी ऐकावी लागे आणि मग दारू मिळे.

"कुणा हरामखोरानं नेली असेल," नॉर्मन आत्ताही म्हणाला. "असेल कुठंतरी. कुणीतरी वर चहाचा कप ठेवत असेल."

मेव्हिसनं शेरी एका घोटात संपवली, कारण तो हरामखोर तिचा नवराच होता.

नॉर्मन सात वर्षांचा असताना मोठ्या मुलांनी त्याला याच तलावात खोल बाजूला ढकललं होतं. दहा वर्षांच्या विल्फनं त्याला केस धरून वर काढलं. त्यानंतर नॉर्मन पाण्याजवळ कधी गेला नाही. पुढं भाऊ तिथं कामाला लागला, वहिनी तिथं शिकवायला लागली, तरी तो त्या इमारतीच्या पायऱ्या चढला नाही. विल्फ दर नव्या वर्षाच्या दिवशी म्हणायचा, "चल, यंदा तुला शिकवतो. तू समजतोस तसं नाहीये ते." नॉर्मन "पुढच्या वर्षी" म्हणायचा आणि उठून पिंप बदलायला जायचा.

शेवटी विल्फ वैतागला. वर्षातून एकदा तलाव रिकामा करून घासायचे, त्या वेळी तळाची एक पांढरी टाइल फुटलेली निघाली. विल्फ पहाटे छिन्नी घेऊन बाहेर पडला आणि परत आला तेव्हा त्याच्या डब्यात हिरवी टाइल होती.

"विल्फ! ही शटलची!"

"शटलचीच. शाळेची पोरं नाही का तळाला टाकलेली रबरी वीट काढायला बुडी मारत? तशी ही नॉर्मनची वीट. खाली उतरेल त्या दिवशी घेऊन जाऊ दे. आणि तू एक शब्द बोलायचा नाहीस. सांगितलंस तर तो मलाच ती काढून आणायला लावेल."

मेव्हिस बोलली नाही. रोज सकाळी बुडी मारून ती त्या टाइलेला बोट लावून वर यायची. तो तिचा देवाला नमस्कार असायचा म्हणा ना. तलाव बंद झाला त्या दिवशीही तिनं बोट लावलं. दवाखान्यात शेवटी शेवटी विल्फ सगळी नावं विसरला, पण एकदा डोळे उघडून म्हणाला, "हिरवी अजून तिथंच आहे गं. पोरगा आला नाही." पोरगा तेव्हा साठीला टेकलेला होता.

बुधवारी सकाळी मेव्हिसनं विल्फची छिन्नी पर्समध्ये टाकली, रस्ता ओलांडला आणि प्लंजचं दार ढकललं.

आत शिरताच ती दाराशीच थबकली. पाणी नव्हतं, पण पाण्याचा उजेड होता. काचेच्या छतातून ऊन खाली येत होतं, ग्लासांवर, चमच्यांवर पडून वर उडत होतं आणि जुन्या पांढऱ्या भिंतींवर थरथरत होतं. कपडे बदलायच्या खोल्यांची दारं तशीच होती, आत आता टेबलं मांडली होती आणि लोक अंडी खात होते. बारच्या वर जुनी लाकडी पाटी टांगली होती, 'खोल बाजू'. कुठंतरी कुणी हसलं आणि ते हसू छताला लागून तिच्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. मेव्हिसला वाटलं, आता कपडे काढावे आणि टोपी घालावी.

"मिसेस हेपवर्थ?"

बारमागून एक तिशी ओलांडलेली बाई धावत आली. छातीवर नावाची पट्टी होती, कर्स्टी, मॅनेजर. "ओळखलंत का? कर्स्टी बूथ. कपड्यांनिशी बुडी मारायच्या परीक्षेत मी पायजमा घालून उतरले होते आणि नाडी सुटली होती."

"आणि तू वीट सोडून पायजमा धरलास," मेव्हिस म्हणाली. "नापास केलं होतं तुला."

"दुसऱ्यांदा पास केलंत! बसा ना. काय देऊ? आमच्याकडून घ्या."

"मला काही नको, पोरी. दिलेला शब्द आहे, मी इथं एक थेंबही घेणार नाही. मला खाली जायचंय. तळाला."

कर्स्टीनं तिच्याकडे पाहिलं, मग पर्समधून डोकावणाऱ्या छिन्नीकडे पाहिलं. नियमाप्रमाणे तळघरात कामगारांशिवाय कुणाला सोडता येत नव्हतं. पण ज्या बाईनं आपल्याला नाका-तोंडात पाणी जाऊ न देता जगायला शिकवलं तिला नियम सांगायला जीभ रेटेना. तिनं किल्ल्या उचलल्या.

दार उथळ बाजूला होतं. जमिनीखाली अख्खा तलाव तसाच होता, पांढऱ्या टाइलांचा. उथळ भागात वाकून जावं लागे, पुढं उतार सुरू होई, आणि पार खोल बाजूला, जिथं गारवा होता, बियरची पिंपं ओळीनं उभी होती. मेव्हिस पहिल्या पायरीवर उभी राहिली. दोन पिंपांच्या मध्ये, दिव्याच्या उजेडात, हिरवा चौकोन दिसला. तिनं छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि उतारानं खाली गेली. बोट लावलं. टाइल पूर्वीसारखीच थंड होती.

मग तिनं छिन्नी काढली. टोक टाइलेच्या कडेला लावलं, आणि तिथंच थांबली. टाइल काढून नेली तर नॉर्मनची भिंत पुरी होईल. पण विल्फनं ती इथं लावली होती ती भिंतीसाठी नव्हे, नॉर्मन स्वतः खाली उतरावा म्हणून.

ती वर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती धापा टाकत होती. "मिसेस हेपवर्थ, काय झालं?" कर्स्टीनं घाबरून विचारलं.

"काही नाही. जरा जास्त वेळ खाली राहिले," मेव्हिस म्हणाली. "रविवारी दुपारी मी परत येईन. बरोबर एकाला आणीन. तो आरडाओरडा करेल, तिकडे लक्ष देऊ नकोस."

रविवारी शटलमध्ये शेवटच्या दिवसाला सगळे आले. गॉर्डनची पाठ चमत्कारानं बरी झाली होती. सगळ्यांनी नॉर्मनला मिठ्या मारल्या, डोळे पुसले, आणि दुपारचे दोन वाजायच्या आत एकेक करून कुठं पांगले ते सांगायला नको. नॉर्मननं बाकं उलटी करून ठेवली. मेव्हिस कोट घालून त्याच्यासमोर उभी राहिली.

"नॉर्मन, तुझी टाइल कुठंय मला माहीत आहे."

तो हसला. मग तिचं तोंड पाहून हसायचा थांबला. "कुठं?"

"चल, दाखवते."

रस्ता उतरून ती प्लंजच्या पायरीशी थांबली तेव्हा नॉर्मनच्या कपाळावरची शीर उठली. "माझी टाइल डॉबसनकडे? त्यांनी चोरली? मेव्हिस, मी यांना कोर्टात खेचतो!"

"खेच. पण आधी आत चल."

"मी मेलो तरी आत यायचा नाही."

"मेल्यावर नकोच येऊस. जिवंतपणी ये. मी तुझा शब्द सहा महिने पाळला, आता तू माझ्यासाठी सहा मिनिटं तुझा मोड."

ते आत शिरले आणि सगळा पब गप्प झाला. तासाभरापूर्वी मिठ्या मारून गेलेली माणसं मोठमोठ्या मेनूंमागं लपली. गॉर्डननं मेनू उलटा धरला होता. नॉर्मन त्याच्या टेबलापाशी थांबला, म्हणाला, "पाठ सांभाळ हो," आणि पुढं गेला. एरवी त्यानं टेबल उलथवलं असतं. पण त्याचं लक्ष बारवर टांगलेल्या 'खोल बाजू'च्या पाटीवर गेलं होतं आणि त्याच्या तोंडचा रंग उडाला होता.

उथळ बाजूच्या दारात तो अडला. "इथं खाली काय आहे?"

"तलाव."

"नाही. मेव्हिस, नाही. हवं तर तू आण."

"मी आणणार नाही. ती इथं विल्फनं लावलीय. तुझ्यासाठी."

नॉर्मननं दाराची चौकट धरली. मग हळूच म्हणाला, "आमचा विल्फ?" आणि मेव्हिसनं त्याचा हात धरला. हात थंडगार होता, घामेजला होता, आणि तिनं हजारो मुलांचे असेच हात धरले होते.

"मोठा श्वास घे," ती म्हणाली. "मी सोडणार नाही."

उथळ भागात नॉर्मनला पार कमरेत वाकावं लागलं. तो डोळे मिटूनच चालत होता. उतार लागला. एक पाऊल पुढं टाकलं की छत थोडं वर जायचं आणि त्याची पाठ थोडी सरळ व्हायची. मेव्हिस उलटी चालत होती, दोन्ही हात पुढं करून, ओठांनी मोजत, जशी ती लहानग्यांपुढं चालायची. खालचा गारवा पोटरीला लागला, मग कमरेला. वर माणसांचे आवाज पुन्हा सुरू झाले होते आणि लांबून, पाण्यावरून यावे तसे येत होते. खोल बाजूला पोचल्यावर नॉर्मनला कळलं की आपण ताठ उभे आहोत.

त्यानं डोळे उघडले. पायाशी हिरवी टाइल होती.

तो गुडघ्यावर बसला आणि टाइलेवरून अंगठा फिरवला. "हरामखोर," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी त्या पाद्र्याशी बोललो नाही." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

मेव्हिसनं छिन्नी पुढं केली. त्यानं ती घेतली नाही. तो उठून उभा राहिला आणि भिंतीकडे पाहू लागला. भिंतीवर, पिंपांच्या मागं, निळ्या टाइलांची एक बारीक पट्टी सगळ्या तलावाला फिरून गेली होती.

"ती रेघ कसली?"

"पाण्याची. तिथवर पाणी असायचं."

नॉर्मन भिंतीला जाऊन चिकटला. रेघ त्याच्या हनुवटीला लागली. त्यानं पाय नीट टेकवले, टाचा तपासल्या, पुन्हा उभा राहिला. रेघ हनुवटीलाच होती.

"मेव्हिस," तो म्हणाला, "माझं नाक वर राहतंय."

"हो."

"मी नुसता उभा राहिलो असतो तरी..."

"हो, नॉर्मन."

"विल्फला माहीत होतं?"

"तो बुटका, त्याच्या डोक्यावरून जायचं पाणी. तुझ्या नाही. दर वर्षी तुला तेच सांगायला यायचा तो, आणि खोल हा शब्द आला की तू पिंप बदलायला पळायचास. मग म्हणाला, याला सांगून उपयोग नाही, याला तिथं उभंच करायला हवं."

नॉर्मन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. सातव्या वर्षी मोजलेली खोली त्यानं जन्मभर तशीच सांभाळली होती. मधल्या काळात तो वाढला होता, हे त्याच्या भीतीला कुणी कळवलंच नव्हतं. वर कुणीतरी खुर्ची सरकवली आणि तो आवाज त्यांच्यावरून तरंगत पलीकडे गेला.

"टाइल काढायची का?" मेव्हिसनं विचारलं. "तुझी भिंत पुरी होईल."

"भिंत उद्यापासून सायकलवाल्यांची," नॉर्मन म्हणाला. "इथं राहू दे." मग त्यानं उताराकडे, उथळ बाजूकडे पाहिलं, आणि नाक ओढलं. "तू इथंच थांबशील?"

"का रे?"

"परत एकदा येतो. या वेळी हात न धरता."

आणि तो वाकत वाकत उतार चढून उथळ बाजूला गेला. मेव्हिस खोल बाजूला, हिरव्या टाइलेपाशी, दोन्ही हात पुढं करून उभी राहिली.